ड्रमवाला नसलेला बँड

तबलजी म्हणून मिरवणारा माणूस तालातच कसा तोंडावर पडतो, ते माझ्याकडून ऐका. मस्कतला कुरुम भागातल्या ऑफिसात माझा बॉस अमेरिकन होता. त्याचा तिकडे मायदेशी ब्लूग्रासचा, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या लोकसंगीताचा बँड होता, अगदी जुन्या परंपरेतला. त्यांनी रेकॉर्ड केलेल्या अल्बमची सीडी त्याने मला मोठ्या हौसेने दिली. "तू तबला वाजवतोस ना? ऐकून सांग."

मी ती घरी नेऊन प्लास्टिकसकट टीव्हीवर ठेवली.

महिन्याभराने गणपतीच्या रजेचा अर्ज घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. सही करता करता त्याने विचारलं, "अल्बम कसा वाटला?"

"एक नंबर, सर! तुमचा ड्रमवाला तर काय वाजवतो!"

त्याचं पेन थांबलं. "आमच्यात ड्रमवाला नसतोच. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार, बास. खलास."

"तेच म्हणतोय सर, कुठे मध्ये मध्ये येत नाही!"

तो पोट धरून हसला, सही केली आणि म्हणाला, "गावी तुझा तबला लोक खरंच ऐकतात, की तेही न ऐकताच छान म्हणतात?"

तेव्हापासून भजन संपल्यावर कुणी "वा, काय वाजवलंत!" म्हणालं, की माझा चेहराच पडतो.