उसातला ‘की’

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय पाळकसाहेब. प्रमुख पाहुणे म्हणून कोल्हापूरहून मुद्दाम आलेले आमच्या हायस्कूलचे माजी मुख्याध्यापक. व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी. ज्यांच्यासमोर उभं राहिलं की या वयातही माझे हात आपोआप पाठीमागं जातात, त्या सत्कारमूर्ती संयोगिता आवळेबाई. त्यांची कन्या क्रांतीताई. समोर बसलेल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि दारात ताटकळलेल्या आमच्या गल्लीतल्या लोकांनो... आत या की पावणं, खुर्च्या हायत मोकळ्या! चुकलो बाई. ‘आहेत.’ खुर्च्या मोकळ्या आहेत.

बघितलंत? अजून एक वाक्य धड झालं नाही, तोवर बाईंची भुवई वर गेली! सातवीत असताना याच भुवईला घाबरून मी ‘आहे’ आणि ‘नाही’ शिकलो. शाळेच्या फाटकाबाहेर पडलो की परत हाय आणि न्हाय. पण आतमध्ये? आतमध्ये बिशाद नव्हती कुणाची!

आता तुमच्यापैकी काही जणांना प्रश्न पडला असेल, की चर्चच्या हॉलमध्ये हा अमरसिंह पाटील भाषणाला कसा काय उभा राहिला? माझं देवघर वेगळं, माझी जत्रा वेगळी. रास्त प्रश्न आहे. मी पाळकसाहेबांना तेच विचारलं. ते म्हणाले, “अमरसिंह, तुमच्याशिवाय ही गोष्ट कुणाला सांगता येणार नाही.” तेव्हा सांगतो. बाई, मधेच थांबवायचं नाही हं!

आमचं उसाचं रान आणि या मंडळीची दफनभूमी यांच्यामध्ये एक बांध आहे. फक्त एक बांध. दरवर्षी ईस्टरच्या पहाटे, म्हणजे प्रभू कबरीतून उठला त्या दिवशी, तुमची सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन तिथं जमते. अंधारात बाई पुढं होतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, “प्रभू उठला आहे!” आणि सगळे जण उत्तर देतात, “खरोखर उठला आहे!” त्यानंतर बाईंचं नवं गीत. सव्वीस वर्षं, दरवर्षी नवं! कधी पळसावर, कधी आंब्याच्या मोहरावर. याकोबसर, म्हणजे बाईंचे यजमान, मांडीवर पेटी घेऊन साथ करायचे. मी पहिल्या गीतापासून बांधाच्या अलीकडं उभा राहून ऐकत आलोय. आमची आई, तिला आम्ही आक्का म्हणायचो, ती तर म्हणायची, “बाईचं गाणं झालं, आता उन्हाळा लागला.”

दोन वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी याकोबसर गेले. त्याच दफनभूमीत, बांधाला लागून त्यांची कबर आहे. त्यानंतरच्या ईस्टरला बाई आल्याच नाहीत. गीतही नाही. आणि या वर्षी सणाच्या आदल्या आठवड्यात त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, “साहेब, ते तीन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. तोंडानं म्हणायचं आणि आत काहीच नाही, असं खोटं मला जमणार नाही. या वेळी एकदा प्रयत्न करते. नाही जमलं तर पुन्हा मला पुढं बोलावू नका.” पाळकसाहेब मान हलवतायत, म्हणजे मी बरोबर सांगतोय. विचार करा, ज्या बाईनं पोरांच्या तीन पिढ्यांना आशा शिकवली, तिचीच आशा त्या तीन शब्दांवर येऊन अडकली होती!

आता बांधाच्या अलीकडं काय चाललं होतं ते ऐका. फेब्रुवारीत आमची आक्का गेली. ऊस तुटून गेलेला, पाचट पेटवून झालेलं, आणि खोडव्याला, म्हणजे तुटल्या उसाच्या बुडख्यांना, पाणी द्यायचं सोडून मी रानातल्या खोपटात तोंडावर वाकळ घेऊन पडून राहायचो. घरी जाववत नव्हतं. लाईट यायची, जायची. मोटरीचं बटण मी दाबत नव्हतो. बायको डबा ठेवून जायची आणि तसाच परत न्यायची. थोरला भाऊ येऊन शिव्या घालून गेला. काही उपयोग झाला नाही.

आक्काची एक सवय सांगायला पाहिजे. पहाटे मोटरीची लाईट आली की ती दारातनं हाक मारायची, “उठलास का रं?” आणि मी वाकळेतनंच ओरडायचो, “उठलोय की!” उठलेलो कधीच नसायचो! चाळीस वर्षं मी तिला हे खोटं सांगितलं आणि चाळीस वर्षं तिनं ते ओळखलं. कोल्हापूर जिल्ह्यात असं एक तरी घर आहे का, जिथं हे होत नाही? हसू नका, तुम्हीही त्यातलेच!

तर ईस्टरची पहाट. मंडळी जमली. मेणबत्त्या लागल्या. बाई सरांच्या कबरीपाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “प्रभू...” एकदम बारीक आवाजात. मग सगळा जीव गोळा करून मोठ्यांदा म्हणाल्या, “उठला...”

आणि थांबल्या. पुढचं ‘आहे’ काही येईना. शंभर माणसं मेणबत्त्या धरून उभी. उत्तर तरी कसं द्यायचं? वाक्यच अर्धं!

इकडं मी खोपटात अर्धवट झोपेत. एका बाईमाणसाची हाक कानावर आली, “उठला...” आणि चाळीस वर्षांची सवय हो, मी वाकळेतनं बेंबीच्या देठापासून ओरडलो,

“उठलोय कीऽऽ!”

(हसा, हसा. त्या दिवशीही असंच झालं होतं.)

आधी कुणाला कळेना, आवाज आला कुठनं. दफनभूमीत उत्तर आलंय म्हटल्यावर दोन-तीन बायकांनी एकमेकींचे हात धरले म्हणे! मग पहिल्यांदा कोण हसलं असेल? बाई हसल्या! सर गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. ते बघून अख्खी मंडळी हसली. आणि त्या हसण्यातच बाई म्हणाल्या, “उठला आहे! प्रभू उठला आहे!” एकदा नाही, तीनदा. आणि मंडळीनं उत्तर काय दिलं माहितीये? “खरोखर उठला आहे” राहिलं बाजूला. पोरं ओरडली, “उठलाय की!”

मी इकडं पुरता जागा झालो होतो. शंभर माणसांनी आपलं खोटं ऐकलंय म्हटल्यावर लाज वाटायला लागली. म्हटलं, अमरसिंह, आता तरी ऊठ मर्दा! उठलो. तोंड धुतलं. मोटर चालू केली. पाणी सरीत शिरलं आणि मी तिथंच बसून आक्कासाठी रडलो. ती गेल्यापासून रडलोच नव्हतो. कसं मोकळं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी बाई रानात हजर! मला वाटलं, आता बोलणी बसणार. हात मागं घेऊन उभा राहिलो. बाईंनी पिशवीतनं कागद काढला आणि म्हणाल्या, “अमरसिंह, तुझं ते ‘उठलोय की’ शुद्ध कसं लिहायचं रे?” मला! सातवीत शुद्धलेखनात दोनदा नापास झालेल्या मला! मी म्हटलं, “बाई, ते शुद्ध न्हाईच. हाय तसंच लिवा.” आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी मला दुरुस्त केलं नाही.

पण मला राहवेना. म्हटलं, “बाई, खरं सांगतो, मी उठलो नव्हतो. वाकळेतच होतो. चुकून बोललो.” त्या वाफ्याच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, “अरे, मग उठलास ना? मीसुद्धा रिकाम्या मनानंच हाक मारली होती. बायबलात मरीया प्रभूच्या रिकाम्या कबरीपाशी रडत होती, तेव्हा प्रभू समोर उभा होता आणि तिला वाटलं, हा माळी आहे. मला तर माळ्याचाच आवाज आला. मी कशाला नाही म्हणू?” मला त्यातलं सगळं कळलं असं नाही. पण पाणी मिळाल्यावर आठ दिवसांत काळ्या खोडातनं हिरवे कोंब वर आले, तेव्हा मी बाईंना बोलावून दाखवले. दोघंही येड्यासारखे बघत बसलो होतो.

ते सत्ताविसावं गीत आज पहिल्यांदा वाचलं जातंय. वाचण्याचा मान मला दिलाय. बाई, उच्चार सांभाळून घ्या.

ऊस तुटला, फड जळला,
काळी पडली सरी;
आत कोणी जागं आहे,
कळेल कुणा तरी?

दगड सरला, पहाट झाली,
चैत फुटला बाई;
रडत आले होते इथे,
रडू उरलं नाही.

कबरीपाशी हाक मारली,
शब्द अर्धा राहिला;
उसातल्या एका ‘की’मध्ये
उठला प्रभू पाहिला.

टाळ्या बाईंना! जोरात! अजून जोरात!

येत्या सोमवारी बाई क्रांतीताईंकडं नाशिकला राहायला चालल्या. कायमच्या. क्रांतीताई, घेऊन जा, तुमचा हक्कच आहे. सरांच्या कबरीची काळजी करू नका, बांधावरनं माझी नजर आहे. पण बाई, एक मागणं आहे. पुढच्या ईस्टरला पहाटे तिकडनं मला फोन करा. जास्त बोलायचं नाही. नुसतं “उठलास का” एवढंच विचारायचं. आक्का गेल्यापासून मला तसं विचारणारं कुणी राहिलेलं नाही.

पाळकसाहेबांनी परक्याला आपलं मानून बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी शांतपणे... शांतपणे कसलं, हसत हसत ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलताना कुठं कमी-जास्त झालं असेल, ‘हाय-न्हाय’ झालं असेल, तर पदरात घ्या. तुमच्या मंडळीच्या पद्धतीनं सर्वांना सलाम करतो आणि माझे दोन शब्द...

काय बाई? माईकवर बोला की, ऐकू येत नाही. काय म्हणालात? आत्ताच विचारताय?

उठलोय की, बाई! खरंच. बघा, उभा हाय.