बरफाच्या पेटीत तलावाचं पाणी

मी इकडली नाही. हे पहिलेच सांगून ठेवतो ताई, कारण पुढं जे झालं ते फिरून फिरून त्याच्यावरच आलं. माझं माहेर सिरोंच्याकडं, प्राणहिता नदीच्या काठावर, नदीच्या पलीकडं आंध्र, तेव्हा आंध्रच म्हणत, आणि आमच्या घरात अर्धी तेलुगू अर्धी मराठी चाले, बाप डोंग्यात माणसं पार करे आणि बाकीच्या वेळी जाळं टाके. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीले दुसऱ्या गावाले जा लागे, मधी नाला, पावसाळ्यात नाला भरला की जाणंच नाही, तर बाप म्हणे राहू दे, वाचता येते ना, बस झालं. तर वाचता येते मले. तेवढं वाचता येणं पुढं किती कामी पडलं आणि त्याच्यापायीच मी कशी फसली, काय सांगू तुम्हाला.

लग्न झालं नव्व्याण्णव साली. माझ्या मावशीनं स्थळ आणलं, म्हणे मुलगा आपल्यासारखा ढिवराचाच हाये, तलावाच्या मच्छीमार संस्थेत मेंबर हाये, व्यसन नाही. इथं गोंदियाकडं, सडक अर्जुनी तालुक्यात यायले दोन दिवस लागले, चार एसट्या बदलल्या, मी सारा रस्ता ओकत आली. उतरली तं बाया माझ्या तोंडाकडं पाहून राहिल्या. मी बोलली की हासत. त्या म्हणत काऊन वो, म्हणजे का गं, मले समजे ते कोणा काऊनले हाका मारून राहिल्या. नाव पाडलं तेलंगीन. वाईट मनानं नाही, आजही तलावावर कोणी तेलंगीन म्हटलं तर मी ओ देतो. पण नाव ते नाव.

सासूनं मले धंदा शिकवला. तिची रीत अशी, सकाळी पोरगा जाळं ओढून आला की ती घमेल्यात तलावाचंच पाणी घेई, त्याच्यात मरळ आणि शिंगूर जिती सोडे, वरून ओलं फडकं, आणि डोक्यावर घेऊन पायी कोहमाऱ्याले, हायवेच्या चौकात, ढाब्याच्या बाजूच्या निंबाखाली. इकडचं गिऱ्हाईक पहिले भाव नाही विचारत. पहिले फडकं सारते, बोट लावते, मच्छी सटकली पाहिजे, पाणी तोंडावर उडलं पाहिजे, मंग म्हणते बोल बाई. सासू मले सांगे, जे मेलं ते घरी घेऊन ये, आपण खाऊ, सुकवू, पण निंबाखाली मेलेली ठेवू नको. मी म्हणे अर्ध्या भावात जाईल ना. ती म्हणे एक डाव अर्ध्या भावात देशील मंग लोक जितीचाही अर्धाच भाव देतील. अशी होती ती. बोलणं कडक, पण माझ्या दोन्ही बाळंतपणात तिनंच माझं सारं केलं, माझी माय एवढ्या दूर, तिले खबर भेटे तेव्हा लेकरू बसाले लागलेलं राहे.

मंग आंध्राच्या गाड्या वाढल्या. थर्माकोलचे डबे, खाली बरफ वर बरफ, मधात हे मोठाले कतला रोहू, गोंदियाच्या बाजारात उतरत आणि तिथून गावोगाव. स्वस्त पडे. आमची तलावातली महाग. तरी लोक म्हणत, ते बरफाची, किती दिवसाची कोणाले माहीत, आणि ज्याले परवडे तो आमच्याकडं येई. बरफ दिसला की शिळी, हे इकडं लेकरालेही समजते.

मले नाही समजलं. म्हणजे समजत होतं, पण झालं काय ते ऐका.

मोठी पोरगी तिसरीत होती त्या साली मत्स्य खात्याच्या एक मॅडम आल्या. संस्थेच्या सभेत बोलल्या, की सरकार गावच्या मच्छीले बाजार मिळावा म्हणून मदत देते, बायांचा गट करा, ठेला भेटेल, तराजू भेटेल, बरफाच्या तीन पेट्या भेटतील. मॅडम म्हणाल्या लिहितावाचता येणारी कोण आहे तुमच्या बायकांत. सारे इकडं तिकडं पाहात आणि माझा नवरा, जो सभेत कधी तोंड उघडत नाही, तो म्हणे आमची हाये चौथी. पाच बायांचा गट झाला, मी सचिव. गिरजा म्हणून आमच्या शेजारची, तीही गटात, ती म्हणे घ्या, ढिवराच्या चार बाया आणि सचिव तेलंगीन.

मॅडम कोकणातल्या होत्या. समुद्राकडल्या. त्याही घरापासून दूर. एक दिवस आमच्याकडं जेवल्या, मरळाचा रस्सा आणि भात, आणि जेवता जेवता म्हणाल्या शेवंताताई, तुम्हाला माहेरची आठवण येते का. मले इतक्या वर्षात हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं नाही, आता कायची. आणि मागं चुलीकडं जाऊन बसली.

त्यांनीच मले नागपूरले तीन दिवसाच्या ट्रेनिंगले पाठवलं. जाताना मले थंडी भरली होती भीतीनं, पण तिथं वही दिली, पेन दिला, खुर्चीवर बसवलं. शिकवलं की जेवढी मच्छी तेवढा बरफ, खाली थर, वर थर, मच्छी पाण्यातून काढल्याबरोबर बरफात. मी सारं लिहून घेतलं, घरी येऊन पाठ केलं. बाकीच्या चार जणींले शिकवलं. सासू खाटेवरून ऐकत होती. मले वाटलं तिले पटलं.

ठेल्याचं उद्घाटन झालं कोहमाऱ्यात, नारळ फोडला, वर बोर्ड, गावच्या तलावाची ताजी मासळी. सकाळी माझ्या नवऱ्यानं जाळं ओढलं होतं, चांगल्या मरळी, शिंगूर, थोडी रोहू, आणि मी वहीत लिहिल्यापरमानं साऱ्या बरफात लावल्या. जिती मरळ बरफात टाकताना हात थांबला माझा, खोटं कायले बोलू. पण मले वाटलं सरकारनं दिलं, मॅडमनं विश्वास ठेवला, आपण सांगितल्यापरमानंच केलं पाहिजे.

पहिले आले बिसेन काकाजी. पवार शेतकरी, सासूच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, आठवड्यात एक मरळ घेतल्याशिवाय न राहणारे. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, बोट लावलं. बोट लगेच मागं घेतलं. म्हणे शेवंता, तूही बरफाची विकून राहिली का. मी म्हटलं काकाजी, आज सकाळची हाये, आपल्याच तलावातली, माझ्या घरच्यानं ओढली. ते म्हणे तलावातली मच्छी एवढी थंडी राहते का बाई. म्हटलं बरफ लावला ना, सरकारनं दिला, ताजी राहाले. म्हणे ताजीले बरफ कायले लागते. आणि गेले. त्यांच्या मागं दोघं उभे होते, तेही गेले.

दोन दिवसात साऱ्या गावात झालं की तेलंगीन तिच्या माहेरची आंध्राची मच्छी आणून तलावाची म्हणून विकून राहिली, वरून सरकारचा बोर्ड लावून. माझ्या माहेरची. माझ्या माहेरून इथं साधं पत्र येत नव्हतं, तं मच्छी कुठून येईल. पण कोणाकोणाले सांगू. जे नाव इतके वर्ष हासत हासत घेत होते त्याच नावानं आता चिडून बोलत. आणि नुसतं माझ्यावर असतं तं सोसलं असतं. निंबाखाली दुसऱ्या गावच्या ज्या बाया घमेले घेऊन बसत त्यांचीही मच्छी लोक उलटून पालटून पाहू लागले, म्हणे तुमचीही त्या ठेल्यावरचीच ना. संस्थेचे अध्यक्ष घरी आले, नवऱ्याले म्हणाले तलावाचं नाव घालवलं तुझ्या बायकोनं. गिरजानं सरळ सांगितलं, मॅडम महिन्याभरात पाहाले येणार हायेत, तेव्हा ठेला बंद दिसला तं दुसऱ्या गावाले देऊन टाकतील, त्याच्या आधी सचिव बदला. म्हटलं कोणाले करता, सही कोण करते. म्हणे अंगठा लावू, पण ढिवराचा अंगठा राहील. मी काय ढिवराची नव्हती का ताई, बाप जाळ्यातच मेला माझा.

मले जेवण जाये ना. मॅडमचा चेहरा डोळ्यापुढं येई. एका बाईनं माझ्यासारखीवर भरोसा ठेवला आणि मी त्याचं असं केलं, हेच मनात फिरे.

मंग एक दिवस बरफच नाही आला. कारखान्याची लाइन गेली होती म्हणे. मी रिकाम्या पेट्या घेऊन ठेल्यावर बसली, बंद दिसू नये म्हणून. उन्हाळ्याचे दिवस. अकराच्या सुमारास पाहातो तं सासू येऊन राहिली, गुडघे दुखत तिचे, चार वर्ष झाले होते चौकात येणं सोडून, आणि डोक्यावर घमेलं. घमेल्यात हात घातला, म्हणे पाणी तापून राहिलं, मरतील. माझ्याकडं पाहलं. आणि घमेलं उचलून सारं पेटीत उलटं केलं, पाण्यासकट. म्हणे तुझ्या वहीत लिहिलं असेल नसेल, मले वाचता येत नाही.

ताई, ती पेटी जशी बरफ विरघळू देत नाही तशी पाणीही तापू देत नाही. दिवस बुडेपर्यंत पाच मरळी आणि शिंगूर जसेच्या तसे. झाकण उघडलं की फडाफड पाणी. सासू तिथंच बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याले म्हणे, इकडं ये रे, बोट लाव, लाव ना, का हात झिजतो. ढाब्यावरचे ड्रायव्हरही पाहाले आले. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं जुन्या जाळ्याचा तुकडा पेटीवर ताणून दिला, मरळ उडी मारते म्हणून, दोन-दोन घंट्यांनी बोरिंगचं नाही, तलावाचं पाणी बदलायचं, ते तो सायकलवर डबकीनं आणे. रोहू असं नाही टिकत, ते मरळीसारखं पाण्यावर तोंड काढून वारा घेत नाही. ते आम्ही सकाळीच तलावावर विकून टाकू. चार दिवसांनी बिसेन काकाजी आले, बोट लावलं, तोंडावर पाणी उडलं, धोतरानं पुसलं आणि म्हणाले, बरफ संपला वाटते. बस एवढंच. मरळ घेऊन गेले.

पण माझी भीती नाही गेली, वाढली. कारण आता मी सरकारच्या पेटीत पाणी भरून राहिली होती. वहीच्या उलटं. आणि मॅडम आल्या तं सांगून नाही आल्या. जीप थांबली, उतरल्या, झाकण उघडलं, मरळीनं त्यांच्या साडीवर पाणी उडवलं. म्हणाल्या शेवंताताई, बरफ कुठे आहे. मी सारं सांगून टाकलं, पहिल्या दिवसापासून, तेलंगीन म्हणतात तेही सांगितलं, आणि म्हटलं मॅडम पेट्या नेऊ नका, सचिव दुसरी करा पण पेट्या राहू द्या.

त्यांनी साडीवरचं पाणी झटकलं. मंग म्हणाल्या, आमच्याकडे बर्फ दिसला नाही तर लोक मासे घेत नाहीत. मला या जिल्ह्यात येऊन तीन वर्षं झाली, मी कोणाला विचारलंच नाही. तपासणीचा कागद काढला, उभ्या उभ्या लिहिलं आणि माझ्यापुढं धरला. म्हणाल्या वाचा, मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू द्या. गिरजा तिथंच होती. मी वाचलं, पेट्या रोज वापरात आहेत, मासळी जिवंत मिळते. खाली त्यांची सही, त्याच्या खाली म्हणाल्या सचिवाची करा. मी केली.

त्याच साली त्यांची बदली झाली. कुठं गेल्या माहीत नाही. जिथं असतील तिथं त्यांच्या ताटात चांगली मच्छी असो, समुद्राची असो, त्यांले आवडते तशी.

त्यांच्या मागून आलेले साहेब म्हणाले हे नियमात बसत नाही, आणि दोन पेट्या घेऊन गेले. एक राहिली. सासू गेली त्याले आता दोन वर्ष झाले. आणि तलाव पहिलेसारखा नाही राहिला, संस्थेनं मोठ्या जातीच्या मच्छीचं बीज टाकणं सुरू केलं, काठानं बेशरमाची झुडपं वाढली, मरळ कमी झाली, आठवड्यात दोन-तीन दिवस तं काहीच हाती लागत नाही. गोंदियाचा एक व्यापारी येते, गोड बोलते, बोर्ड तुम्हारा, माल हमारा, बरफ भी हम देंगे. गिरजा म्हणते घेऊ ना, ठेला बंद दिसला तं नेतील. आणि तिचं खोटं नाही, ठेला बंद दिसला तं नेतीलच. तिच्याही घरी खाणारे तोंडं हायेत. चौकात कोणतीही पांढरी जीप हळू झाली की मी आजही उठून उभी राहतो.

तं मी काय करतो, मच्छी असो नसो, सकाळी ठेला उघडतो. पेटीत तलावाचं पाणी भरतो, जाळी ताणतो, आणि बसतो. कोणी आलं, झाकण उघडून पाहलं, तं मी म्हणतो आज नाही. परवा बिसेन काकाजींचा पोरगा आला, काकाजी आता खाटेवर असतात. त्यानं समोरच्या दुकानात बरफाची पाहली होती, इथं आला, रिकाम्या पाण्यात बोट घालून पाहलं. म्हणे आज नाही का काकू. म्हटलं नाही बाबू. म्हणे मंग उद्या येतो, बाबूजीनं सांगितलं हाये, शेवंताकडं नसली तं आणूच नको.

उद्याचं मी काय सांगू ताई. नवरा गेला हाये जाळं घेऊन, पाहू काय लागते ते.