स्पेनच्या बैलाची पोळी

होटगीला मामांच्या गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो रे, पण बैलांचा सण बेंदूर आला की मला त्यांचा बैलच आठवतो. सत्तर सालानंतरची गोष्ट. बेंदराच्या आदल्या दिवशी मी मामांना सोलापुरात सिनेमाला नेलं. सिनेमाआधी स्पेनमधल्या एका सणाची फिल्म दाखवली. गल्लीतून बैल उधळलेले आणि त्यांच्यापुढं माणसं जीव घेऊन पळतायत!

मामा उभे राहून ओरडले, “अरं, पळताय कशाला? नावानं हाक मारा की, थांबतोय त्यो!”

सगळं थेटर हसलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी बैलाला पुरणपोळी चारली आणि लगेच दुसरी पुढं केली.

मामीनं विचारलं, “ही आणि कुणाची?”

“त्या सिनेमातल्याची. सणादिवशी उपाशी पळत हुता बिचारा.”