वर्षभराचं तेल

सिंगापूरमधल्या बेडोकच्या हार्ट क्लिनिकमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं मराठी कानावर पडलं, तसा चैत्रालीने मोबाइल खाली ठेवला.

“या वयात कसलं ऑपरेशन, शैला? नको म्हणून सांगू.”

“बरं. अहो, म्युझियमच्या त्या जुन्या बोल्टवाल्या रायफलचा लाकडी दस्ता झाला का हो?”

“छे! लाकूड जवसाचं तेल एकदम पीत नाही. आठवडाभर रोज एक हात, महिनाभर आठवड्याला एक, मग वर्षभर महिन्याला एक.”

“कुठवर आलंय?”

“महिना कालच संपला.”

“म्हणजे वर्ष राहिलं. ते कोण करणार?”

“कोण म्हणजे? दुसऱ्याला हात लावू देईन होय मी?”



नर्सने आजोबांचं नाव पुकारलं.

“चल. आणि डॉक्टरांना आधी विचार, ऑपरेशननंतर कितव्या दिवशी तेल चोळायला बसता येईल?”