काकीचं मडकं

धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकचं मला सांगू नका. आमच्या अंजूरला खाडीकडच्या रस्त्यावर या. गोडाऊनचे कंटेनर माणसासाठी थांबतच नाहीत. माझा काका शेतावर जायला निघाला आणि तिथंच कंटेनरखाली गेला. त्याची प्रेतयात्रा मात्र त्याच रस्त्यावर आली, पुढे पोराच्या हातात विस्तवाचं मडकं दिसलं, आणि दोन्हीकडचे कंटेनर आपोआप थांबले. काकी कडेला उभी राहून नुसती बघत होती.

आता ती रोज तसंच धुराचं मडकं हातात धरून शेतावर जाते. मी म्हटलं, "काकी, जित्या माणसानं असं करू नये. अशुभ असतं."

"तुझा काका रिकाम्या हातानं गेलता," ती म्हणाली. "कोन थांबला न्हाय."