अटॅचमेंट म्हणजे जोडणे

जप्ती पगाराची लागली, अन् हे काका स्लिपा जोडून आणून राहिले, असं अकोल्याच्या कोर्टातला एक बाबू दुसऱ्याला म्हणाला. मी दाराबाहेर उभी होते. बाबा आत होते, त्यांनी ऐकलं की नाही ते मला आजही माहीत नाही.

काय सांगू तुम्हाला, मी फार बोलणारी नाही. घर आमचं बार्शीटाकळीचं, बाबा अकोल्याला सरकारी ऑफिसात शिपाई. साहेबांची पोरं जातात त्याच शाळेत आपली पोरगी जाईल हे त्यांनीच ठरवलं, म्हणून मी पहिलीपासून इंग्रजी मिडियमची. घरात इंग्रजी कागद आला की माझ्यापुढे यायचा, शेजारचेसुद्धा घेऊन यायचे, आणि मी सांगेन ते खरं. काही शब्द अडायचे, पण अडलं म्हणायची सवयच लागली नाही.

अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, शिक्षणाचं कर्ज काढून, जामीनदार बाबा. नोकरी लागली नाही, राजापेठेत एका क्लासमध्ये शिकवते, काय शिकवते तर स्पोकन इंग्लिश, हसू नका. हप्ते थकले, बँकेचे फोन सुरू झाले. तेव्हा मोबाइलवरच एक जाहिरात दिसली, कर्ज मिटवून देतो म्हणे. तो माणूस ताई ताई करायचा. फी घेतली आणि म्हणाला, बँकेचा फोन उचलायचा नाही, कोर्टाच्या तारखेला कोणी जायचं नाही, आमचा वकील उभा राहतो. बाबा तारखेला निघाले होते, डबासुद्धा भरला होता, मी म्हटलं जाऊ नका, गरज नाही. पोरगी म्हणते म्हणून ते बसले. वकील कोणीच गेला नाही. त्या माणसाचा नंबर मग लागलाच नाही.

पुढे बँकेच्या वकिलाचं इंग्रजी पत्र आलं, कोर्टाचा हुकूम झाला म्हणून, वर ठळक लिहिलेलं, अटॅचमेंट ऑफ सॅलरी. ईमेलला अटॅचमेंट असते ना, तसंच मी वाचलं. बाबांना सांगितलं, पगाराची स्लिप जोडा म्हणतात. त्यांनी सहा महिन्यांच्या काढल्या, झेरॉक्स केल्या, टाचण्या लावल्या, आणि आम्ही कोर्टात गेलो.

अटॅचमेंट म्हणजे जप्ती, तो बाबू दुसऱ्याला तेच सांगून हसला, आणि मग मला बाबांचा आवाज ऐकू आला, साहेब, पत्र पुन्हा एकडाव पाहा, माह्या पोरीले इंग्रजी येते.

आता दर महिन्याला बाबांचा पगार कापूनच हातात येतो. पण त्या दिवशी परत जाताना एसटीत त्या स्लिपांची फाइल मांडीवर धरून बाबा म्हणत होते, त्या बाबूलेच समजलं नसंन. मी घरीही शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलते म्हणून ते मला मॅडम म्हणून चिडवतात. बार्शीटाकळी यायला आली होती, कंडक्टर दारात उभा होता. माझ्या तोंडातून त्यांचीच बोली निघाली.

बाबा, तो शब्द मले येत नोता. अन् तारखेलेही मीच तुमाले जाऊ देलं नाही.