पंचवीस फूट पाणी

तुम्ही हसाल, पण दादाला जाऊन दहा दिवस झाले होते आणि काका त्याची वही चुलीत घालायला निघाले होते. लातूर जिल्हा नवा झाला होता. पाट्या नव्या, साहेब नवे, पाणी तेवढं कुठंच नव्हतं. अशा दुष्काळात दादा वहीत चिलखती युद्धनौका आखायचा. आजोबांच्या काळातल्या आरमारात शोभली असती, पण कुणी कधी बांधली नव्हती अशी.

"येड्याचे चाळे हायेत. दे इकडं," काका म्हणाले.

मी वही हिसकावली आणि अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "चिलखत जाड. पंचवीस फूट पाणी लागतं."

काका थबकले. "पंचवीस फुटावर पाणी लागतं? कुठं रे?"

जन्मभर येडा ठरलेला माझा भाऊ एका मिनिटात जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या झाला! नौकेला आपलं घर समजून, तिच्या मागच्या तोफेचा गोल बघून काका ओरडले, "ही बघा विहीर! आपल्याच परसात हाय!"

मी कुदळ आणून दिली. खणत खणत काका कमरेएवढ्या खड्ड्यात उतरल्यावर वही छातीशी धरून म्हणालो, "काका, ते पाणी जहाजाला लागतं."

"मग आता?"

"जहाज दादानं करून ठेवलंय. पाण्याचं तुम्ही बघा."